पेल्यातले पाणी

आमच्या ओटीच्या कोपऱ्यात एका मोठ्या कुंडीत एक वनस्पती आहे. झाड म्हणावे तर तिला खोड नाही, आणि रोप म्हणावे तर तिचा विस्तार दोन हातांहून अधिक आहे. करवतीसारख्या काठांची, जाड, राखी-हिरवी पाने एकमेकांना कवेत घेत वर येतात आणि मध्यभागी त्यांचा एक खोल पेला तयार होतो. पानांवर रुपेरी आडवे पट्टे आहेत. ओल्या फडक्याने पुसले तर ते निघून येतात आणि पुन्हा उमटत नाहीत. ही गोष्ट आम्हांला दोन पाने पुसून झाल्यावर कळली. सिल्वासात सारी नोकरी करून निवृत्तीनंतर नाशिकला परतणाऱ्या एका स्नेह्यांनी ती आमच्या स्वाधीन केली. निघताना त्यांनी एकच सूचना दिली होती : पेला कधी रिकामा पडू देऊ नका.

ती सूचना आम्ही अक्षरशः पाळली. या लेखाचा विषय ते पालन हाच आहे. सांगितलेले सर्व केले, प्रेमानेच केले, आणि तरीही चूक झाली. तेव्हा ती चूक नेमकी कोणत्या जागी होती, हा प्रश्न आम्हांला गेली काही वर्षे सोडीत नाही.

प्रथम या वनस्पतीविषयी. शास्त्रज्ञ तिला ऐक्मिया म्हणतात आणि तिचे कुल ब्रोमेलियाचे, म्हणजे आपल्या अननसाचे. सतराव्या शतकातील ओलोफ ब्रोमेलियस या स्वीडिश वैद्याचे नाव लिनीअसने या कुलातील एका प्रजातीला दिले, तेच पुढे साऱ्या कुलाला चिकटले. तीन हजारांहून अधिक जाती असलेले हे कुल जवळजवळ सर्वच्या सर्व अमेरिका खंडातले. पश्चिम आफ्रिकेतील एकच जात काय ती अपवाद. अननस आपल्याकडे पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात आणला, आणि त्याचे नावही त्यांच्याच भाषेतून मराठीत उतरले. त्यांनी ते दक्षिण अमेरिकेतील मूळच्या लोकांकडून उचललेले होते. आपण ज्याला अस्सल कोकणी फळ समजून पाहुण्यांपुढे ठेवतो, त्याच्या नावात दोन समुद्रांपलीकडचे पाणी आहे. सिल्वासाच्या माणसाला हे सांगणे जरा मौजेचे वाटते, कारण ज्या पोर्तुगिजांनी अननस आणला, त्यांच्याच अमलात हा आपला मुलूख १७८३ पासून १९५४ पर्यंत होता.

अननस जमिनीत वाढतो. आमची ऐक्मिया मात्र ब्राझीलच्या जंगलात बहुधा झाडांच्या फांद्यांवर राहणारी. मुळांनी ती फांदीला धरून बसते, एवढेच त्यांचे मुख्य काम. पाणी ती पानांच्या पेल्यात साठविते आणि पानांवरील सूक्ष्म खवल्यांसारख्या केसांनी शोषून घेते. (आम्ही पुसून टाकले ते रुपेरी पट्टे म्हणजे हेच केस. तहानेचे तोंडच आम्ही पुसले होते म्हणा ना!) पेल्यात पडलेली पाने, किडे-मुंग्या कुजतात आणि त्यांतून तिला पोषण मिळते. ज्या फांदीवर ती बसते, त्या झाडाचा रस मात्र ती पीत नाही.

येथे एका शब्दाचा खुलासा करणे अगत्याचे आहे. आपल्याकडे झाडावर झाड दिसले की आपण त्याला सरसकट बांडगूळ म्हणतो, आणि माणसालाही तीच शिवी देतो. पण बांडगूळ आपली चूषके आश्रयवृक्षाच्या अंगात घुसवते आणि त्याच्या रसावर पोसते. आपल्याच रानात ऐनावर, आंब्यावर फुलणारी सीतेची वेणी तसे काही करीत नाही. ती आमर आहे, तिला हवी असते फक्त जागा आणि उजेड. वनस्पतिशास्त्राच्या मराठी परिभाषेत अशांना अपिवनस्पती म्हणतात. शब्द रूक्ष आहे, पण न्याय करणारा आहे.

आमचे वडील या गावी आले ते वरिष्ठ पंचायतीच्या काळात, म्हणजे १९५४ ची मुक्ती आणि १९६१ चे भारतात विलीनीकरण यांच्यामधल्या त्या चमत्कारिक वर्षांत. तेव्हा येथे वारली, धोडिया, कोकणा यांची वस्ती होती, दमणगंगा होती, चर्च होते आणि पावसाळ्यात तुटणारे रस्ते होते. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरची कथा थोड्याफार फरकाने हीच असेल. आपण आलो, फांदीवर बसलो, शाळा काढल्या, गणपती बसविले, आणि दुसऱ्या पिढीपासून आपल्याला वाटू लागले की ही फांदी आपलीच आहे. पुढे कारखाने आले, त्यांच्यामागून चाळी आल्या, आणि चाळींतून राहणाऱ्यांना आपण उपरे म्हणू लागलो. हा शब्द आमच्याही तोंडून अनेकदा गेला आहे.

आता पाण्याविषयी.

चैत्र-वैशाखात पेला तीन दिवसांत आटे. आमच्या कूपनलिकेचे पाणी जड. त्याने पेल्याच्या कडेला पांढरे कडे चढे. म्हणून आम्ही पावसाळ्यात पागोळ्यांचे पाणी पिंपात धरून ठेवू लागलो आणि ते वैशाखापर्यंत पुरवू लागलो. रोज सकाळी तुळशीला पाणी घालून झाले की उरलेल्या तांब्यातले पाणी त्या पेल्यात पडे. थंडीत तिची तहान कमी होते, रात्री गार पाणी पेल्याच्या तळाशी साचून राहिले तर गाभा नासतो. पण हे आम्हांला ठाऊक नव्हते. पावसाळ्याची तर कथाच वेगळी. आपल्याकडे दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस चार महिन्यांत कोसळतो, ओटीच्या कोपऱ्यात वाऱ्याबरोबर झड येते, पेला आपोआप ओसंडून वाहतो. तरीही सकाळचा तांब्या चुकला नाही. श्रावणात कुंडीतली माती आंबली, बुडाकडची पाने पिवळी पडली. आम्हांला वाटले, पाणी कमी पडते आहे. आम्ही आणखी घातले.

यावर घरात वाद झाला. आमचे म्हणणे असे की, हे पाणी वनस्पतीसाठी घातले जात नव्हते, घालणाऱ्याच्या समाधानासाठी घातले जात होते. तहान कोणाची आहे हे न पाहता दिलेले पाणी म्हणजे दान नव्हे, नुसती सवय. आमच्या मातोश्री तेव्हा हयात होत्या. त्या म्हणाल्या, “सवयीला नावे ठेवू नका रे. तुमच्या मनात आले म्हणून पाणी घातले असते, तर माझी तुळस कधीच वाळून गेली असती.” वैशाखात तुळशीवर गळती बांधण्याचा त्यांचा नेम होता. मडक्याच्या बुडाला भोक पाडून त्यात दर्भाची वात घालायची, थेंब थेंब पाणी मुळाशी पडत राही. आजारपणातही त्यांनी तो मोडला नाही. कोणाकडून तरी मडके भरून घेतले. मन लहरी असते, नेम लहरी नसतो, हे त्यांचे सांगणे खोटे म्हणता येत नाही. रोग्याची शुश्रूषा, म्हाताऱ्यांचे औषध, लेकरांचे दूध, सारे काही सवयीवरच चालते. रोज नव्याने प्रेम उचंबळून आल्यावरच जो कर्तव्य करील, त्याच्या दारची तुळस आम्ही आमच्या ताब्यात घेऊ.

तरी त्यांच्या गळतीत एक बारकावा होता, जो आमच्या लक्षात फार उशिरा आला. गळती वैशाखातली. आषाढ लागला की मडके उतरवून, पालथे घालून माळ्यावर जाई. तिच्या नेमात ऋतू होता. आम्ही नेम उचलला आणि ऋतू विसरलो.

एवढ्यावर भागले असते तर हा लेख लिहिण्याचे कारण नव्हते. एक वनस्पती नासली असती, आम्ही चार दिवस हळहळलो असतो. पण एका भाद्रपदात आमच्या समोरच्या चाळीतल्या एका कामगाराच्या मुलीला डेंग्यू झाला. माणूस नंदुरबारकडचा, सूतगिरणीत पाळीवर जाणारा. मुलगी आठ-नऊ वर्षांची. आमच्या ओटीवर खेळायला येई आणि त्या पेल्यात डोकावून आपले तोंड पाही.

चाळीत पाणी दिवसाआड येते. त्यामुळे प्रत्येक खोलीपुढे निळी पिंपे भरलेली असतात. त्या पिंपांविषयी आम्ही याआधी तक्रार केली होती, लेखी केली होती, आणि ‘परप्रांतीय कामगारांच्या अस्वच्छ सवयी’ असे शब्द त्यात वापरले होते, हे येथे लपविण्यात अर्थ नाही. मुलगी रुग्णालयात गेल्यावर तिसऱ्या दिवशी आरोग्य खात्याची एक कार्यकर्ती हातात विजेरी घेऊन आली. तिने चाळीतली सगळी पिंपे पाहिली. बहुतेकांवर जुन्या साडीची फडकी घट्ट बांधलेली होती, कारण पाणी ज्याला मोजून मिळते तो ते झाकून ठेवतो. मग ती आमच्याकडे आली, ओटीवर चढली, पेल्यात उजेड पाडला आणि म्हणाली, “काका, इकडे या. बघा.”

पेल्याच्या तळापासून वर, वरून तळाकडे, स्वल्पविरामाएवढे जीव वळवळत होते. बाहेरच्या पानांच्या बगलांतही होते. तिने ते नळीने काढून बाटलीत घेतले, आमचे नाव तिच्या वहीत लिहिले, आणि आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळण्याविषयी जे सर्वांना सांगतात ते आम्हांलाही सांगितले. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून पंख फुटेपर्यंत साधारण आठ-दहा दिवस पुरतात. तो फार दूर उडत नाही. त्याची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून कोरडी असली तरी कित्येक महिने टिकतात, म्हणून नुसते पाणी ओतून भागत नाही, कडा घासावी लागते. आम्ही ती कडा कधीच घासली नव्हती. आम्ही फक्त वरून भर घालीत आलो होतो.

आमच्याच पेल्यातल्या डासाने त्या मुलीला दंश केला, हे सिद्ध करता येणार नाही. नाही असेही सिद्ध करता येणार नाही. मुलगी बरी झाली, एवढे येथेच सांगून टाकतो, नाहीतर वाचकांचा जीव उगाच टांगणीला लागेल. परंतु नैतिक प्रश्न तिच्या बरे होण्याने सुटला असे आम्ही मानीत नाही. तिला काही कमीजास्त झाले असते, तरी आमची कृती तीच राहिली असती आणि आमचा हेतूही तोच. फरक नशिबाचा होता, आणि नशिबाने वाचल्याबद्दल स्वतःला निर्दोष समजणे म्हणजे न पाहता रस्ता ओलांडून सुखरूप पोहोचल्याबद्दल स्वतःला शहाणे समजण्यासारखे आहे.

पुढे या विषयावर जे मिळेल ते वाचीत गेलो, तेव्हा त्रिनिदादची हकिगत हाती लागली. त्या बेटावर कोकोचे मळे होते. कोकोला सावली लागते म्हणून मळेवाल्यांनी पांगाऱ्याच्या जातीची उंच झाडे लावली, आणि त्या झाडांवर ब्रोमेलियाच्या वसाहतीच्या वसाहती चढल्या. लाखो पेले, लाखो ठिकाणी साचलेले पाणी. हिवतापाचा एक स्थानिक डास नेमका त्याच पाण्यात अंडी घाली. दलदली बुजवून हिवताप जाईना, कारण दलदल डोक्यावर होती. अखेर १९४० नंतरच्या दशकात झाडांवर मोरचुदाचे पाणी फवारून ब्रोमेलिया मारण्याची मोहीम तेथे हाती घेण्यात आली. त्या मळ्यांत राबणाऱ्यांत १८४५ ते १९१७ या काळात गिरमिटावर नेलेले आपल्याच देशाचे लोक आणि त्यांची मुलेबाळे होती. सावली कोकोसाठी लावली होती. कोणाचे वाईट करण्यासाठी कोणीच काही लावले नव्हते.

याच्या उलट दुसरी एक हकिगत जमेकातली. तेथे एक लहानसा खेकडा आहे, जो ब्रोमेलियाच्या पेल्यातच पिले वाढवितो. मादी काय करते, तर पेल्यात पडलेली कुजकी पाने उचलून बाहेर टाकते, म्हणजे पाण्यातला प्राणवायू टिकतो. आणि गोगलगाईंचे रिकामे शंख आणून पाण्यात टाकते, म्हणजे पिलांच्या कवचाला लागणारा चुना त्यांतून उतरतो. पाणी घालण्याचे काम पावसाचे. ती पेला राखते. हे वाचले तेव्हा आम्ही थोडे खजील झालो. आम्ही सहा वर्षे जे केले, ते पावसाचे काम होते. खेकडीचे काम आम्ही एक दिवसही केले नव्हते.

मराठी भाषेला हा भेद ठाऊक आहे. गुरांना आपण पाणी पाजीत नाही, दाखवितो. गाय नदीवर न्यायची, पाणी दाखवायचे, ती पिईल तेवढे पिईल, मान वर करील, मग परत आणायची. ‘दाखविणे’ या क्रियापदात गुराख्याने गाईसाठी जागा ठेवली आहे. आपली जागा राखण्याची जबाबदारी गाय स्वतःच पार पाडते. मान वर करून सांगते की पुरे. मुकी वनस्पती मान वर करू शकत नाही, ती पिवळी पडते, आणि तिचे पिवळे पडणे हे नकार आहे की मागणी, हे ओळखण्याचे काम पाजणाऱ्यावर येते. समोरच्या चाळीची तर गोष्टच वेगळी. तिला या सगळ्यात कोणी विचारलेच नव्हते.

दुसरा शब्दप्रयोग पाणी सोडण्याचा. हातावर उदक सोडले की दिलेली वस्तू आपली राहत नाही. या मुलखाच्या इतिहासात असे एक उदक सोडलेले आहे. मराठ्यांच्या आरमाराने पोर्तुगिजांचे ‘सान्ताना’ जहाज पकडले, त्याची भरपाई म्हणून १७७९ च्या तहाने बारा हजार रुपयांच्या महसुलाची गावे त्यांना देण्याचे ठरले, आणि १७८३ मध्ये नगर हवेली त्यांच्या हाती गेली, १७८५ मध्ये दादरा. देणाऱ्याने दिले, घेणाऱ्याने घेतले. ज्यांच्यावर पाणी सोडले गेले ते वारली आणि धोडिया कोणत्याही कागदावर सही करीत नव्हते. हा इतिहास आपण पेशवाईच्या अभिमानाच्या गोष्टींत सहसा सांगत नाही. तक्रारअर्जाचा आमचा तो कागद आठवला की आम्हांला हे सारे एकाच दप्तरातले वाटू लागते. अतिशयोक्ती असेल, पण वाटते खरे.

कार्यकर्ती गेल्यावर दुसऱ्या दिवशी आम्ही चाळीत गेलो. मुलीच्या बापाला सांगावे की न सांगावे, यावर रात्रभर विचार केला होता. सांगून त्याचा राग ओढवून घ्यायचा आणि आपले मन हलके करायचे, हाही एक स्वार्थच नाही काय, असा युक्तिवाद आमच्या मनाने केला. मन अशा वेळी फार विद्वान होते. अखेर सांगितले. पिंपांच्या अर्जाचेही सांगितले. तो पाळीवरून नुकताच आला होता, पायरीवर बसून चहा घेत होता. थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “अर्ज तुमचा होता ते आम्हाला माहीत होतं, काका.” आणि पुढे, “झाड फेकू नका. पोरीला आवडतं ते. आठवड्याला उलटं करत जा म्हणजे झालं.”

तेव्हापासून दर शनिवारी कुंडी आडवी होते. पेला रिकामा करून आतल्या कडा मऊ कुंचल्याने घासतो, आणि उन्हाळ्यात पावसाचे साठविलेले पाणी घालतो, तेही एक-दोन इंच. ते पिंपही आता फडके बांधून ठेवलेले असते. थंडीत पेला बहुतेक कोरडाच राहतो, मातीवर पंधरा दिवसांनी थोडा शिडकावा. पावसाळ्यात कुंडी ओटीच्या आतल्या भिंतीला येते आणि शनिवारचा क्रम चुकला तर बुधवारी तरी होतोच. माती बदलली; नारळाच्या सोडणाचे तुकडे आणि कोळसा घातला, त्यात पाणी थांबत नाही. मातोश्रींनी हे पाहिले असते तर त्या म्हणाल्या असत्या की शेवटी नेमच केलात ना, आणि त्यांना उत्तर देणे आम्हांला जड गेले असते.

दोन वर्षांपूर्वी तिला फूल आले. गुलाबी, काटेरी छदांचा तुरा आणि त्यातून डोकावणारी निळी फुले. तुरा कित्येक महिने टिकला. या कुलातील बहुतेक वनस्पतींचा धर्म असा की प्रत्येक रोप एकदाच फुलते. फुलले की ते हळूहळू वाळत जाते आणि बुडाशी फुटवे येतात. आमच्या रोपाला तीन आले. जुने रोप वर्षभर तरी जिवंत राहते आणि तोवर फुटव्यांना पोसते. फुटवा त्याच्या निम्म्याएवढा झाला की काढून वेगळा लावता येतो.

मग जुन्या पेल्याचे काय? त्यात पाणी घालावे काय? फुलणार तर ते पुन्हा कधीच नाही. माहितगार सांगतात, फुटवे जोडलेले असेतो घाला. त्यापुढे ते काही सांगत नाहीत, आणि सांगण्याचे त्यांना कारणही नाही. दोन फुटवे आम्ही वेगळे केले. एक नाशिकला गेला, त्याच स्नेह्यांकडे, सोबत आमच्या अक्षरातल्या लांबलचक सूचनांचा कागद, त्यांनी तो वाचून, “हे सगळे लागते होय?” असे विचारले. दुसरा चाळीत. तेथे तो एका फुटक्या बादलीत आहे आणि आमच्यापेक्षा चांगला वाढला आहे. मुलगी आता सहावीत गेली, कुंडी आडवी करायला शनिवारी तीच येते.

मागच्या शनिवारी तिने जुन्या रोपाकडे बोट करून विचारले, की हे मेले का? दोन पाने अजून हिरवी होती. आम्ही म्हणालो, नाही. तिने पेला उलटा केला, कडा घासली आणि आमच्या हातातला तांब्या घेतला.